कोचच्या बायकोचा जॅम

बुधवारी नेस्का कॉलेजच्या संघाच्या करारावर सही करणार होती, म्हणून रविवारी दुपारी तिच्या आजीने, जिला घरात सगळेच बाबी म्हणत, दोन बदकं भाजली. सहा माणसांना एक बदक पुरलं असतं. पण बाबीच्या हिशेबात पाहुणा म्हणजे दीड माणूस, आणि लिडा या घरात पाहुणीच होती. स्वतःच्या आईकडे पाहुणी व्हायला तिला तीस वर्षं लागली होती, आणि त्या कामात तिच्या भावाचा हातभार मोठा होता.

भाऊ, जेरी व्होद्राझ्का, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बदकाची तंगडी सोडवत बसला होता. तो लिडाशी बोलत नसे. भांडण होतं असं नाही. भांडायलासुद्धा बोलावं लागतं. १९६८च्या एप्रिलमध्ये कालवडीचं प्रकरण झालं तेव्हा तो अठराचा होता आणि ती अकराची. त्या दिवसापासून त्याने तिच्याकडे तोंड करून एक वाक्य उच्चारलं नव्हतं. जे सांगायचं ते तो हवेला सांगे.

"कोणीतरी त्या बाईंकडे मीठ सरकवा," तो हवेला म्हणाला.

त्याच्या बायकोने, डार्लीनने, मीठ सरकवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि मीठ सरकवण्यात तिचा हात धरणारं नेब्रास्कात कोणी नव्हतं.

"बुधवारी किती वाजता गं?" एमिल मामाने विचारलं. हा बाबीचा धाकटा भाऊ, वय सत्तर, चर्चच्या विक्रीचा खजिनदार आणि नदीपलीकडच्या मेरिडन कॉलेजचा कट्टर भक्त. तिथल्या मैदानात बेचाळीस वर्षं त्याची एक खुर्ची ठरलेली होती. आपल्या बहिणीची नात हार्लन विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळणार, हे त्याला पचत नव्हतं. बदक मात्र पचत होतं.

"सकाळी आठला," जेरीची मुलगी नेस्का म्हणाली. "शाळेच्या जिममध्ये. फोटोवाले येणारेत."

"अजून तीन दिवस आहेत म्हणजे. तीन दिवसांत माणूस शहाणा होऊ शकतो. मेरिडनचा कोच परवाच म्हणाला, त्या पोरीच्या हाताला दगडाचं वजन आहे म्हणून."

"मामाआजोबा, मी नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या खोलीच्या भिंतीवर हार्लनचा झेंडा आहे."

"भिंतीला काय, रंग देता येतो."

लिडा हसली नाही. हार्लन आणि नेस्का हे दोन शब्द एका वाक्यात आले की तिचा चेहरा आपोआप सरकारी व्हायचा. हार्लनमध्ये ती नियमपालन अधिकारी होती. शाळेतल्या चांगल्या खेळाडूंना कॉलेजं आपल्याकडे ओढत असतात. तेव्हा कोणी कोणाला कधी भेटायचं, किती तास भेटायचं, आणि त्या भेटीत सँडविच कोणाच्या पैशाने खायचं, हे सांगणारं चारशे ऐंशी पानांचं पुस्तक तिच्या टेबलावर असे. नववीत नेस्का जिल्ह्याच्या संघात आली आणि त्या पुस्तकाच्या भाषेत 'भावी खेळाडू' झाली, त्याच दिवशी लिडाने भाचीची फाइल हाताखालच्या मुलीकडे सोपवली. शिवाय बाबीकडून शिदोरी घेणं बंद केलं.

हे दुसरं बाबीला फार लागलं होतं. बाबीच्या घरातून कोणी रिकाम्या हाताने निघत नाही, आणि कोणाचं भांडं तिच्याकडे आलं तर ते रिकामं परत जात नाही. ही रीत तिच्या आजीने बोहेमियातून येताना जहाजात आणली होती. तिला पानं नव्हती, कलमं नव्हती आणि अपवादही नव्हते. पोस्टमन, पाद्री, गटार साफ करायला आलेला माणूस, सगळे हातात काहीतरी घेऊन फाटकाबाहेर पडत. फक्त पोटची मुलगी तीन वर्षं हात हलवत जात होती.

पंधरा दिवसांपूर्वी नेस्काची हार्लनला अधिकृत भेट झाली, तेव्हा या दोन कायद्यांची पहिली गाठ पडली. शुक्रवार दुपार ते रविवार दुपार, अठ्ठेचाळीस तास, एक मिनिट वर नाही. मुलीचं आणि आईबापांचं जेवण विद्यापीठाकडून, आजीचं नाही. लिडाने भर भोजनगृहात उभं राहून आपल्या शहात्तर वर्षांच्या आईला स्वतःच्या सूपचे पैसे भरायला लावले होते. बाबीने पैसे भरले आणि शब्द काढला नाही. फक्त संध्याकाळी कोचच्या घरी जेवायला जाताना तिने गाडीतून निळं भांडं बाहेर काढलं. आत भाजलेलं बदक होतं.

लिडाने त्या रात्री पुस्तक उलटंपालटं केलं होतं. वरून खाली काय देऊ नये यावर शंभर पानं होती. खालून वर बदक जाऊ नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आता जेवण आटोपलं आणि बाबीने कोलाच्यांचं ताट मधोमध ठेवलं. मऊ पावाच्या खळग्यात सारण, कडेला लोण्याचा चुरा. लिडाची एवढी एकच दुबळी बाजू होती. टेबलावर बसून खाल्लेलं चालतं, बरोबर न्यायचं नाही, असा स्वतःपुरता नियम तिने काढला होता. तिसऱ्या कोलाच्याचा शेवटचा घास तोंडात असताना ती म्हणाली, "बाबी, सारण वेगळं लागतंय. आलुबुखाराचं नाही हे."

"आवडलं ना?" बाबी खुलली. "आलुबुखार संपले होते. हा रानप्लमचा जॅम. कोचच्या बायकोने केलाय. जरा गोड झालाय, पण बाई तरुण आहे, शिकेल."

लिडाच्या तोंडातला घास तिथेच थांबला. गिळावा तर पुरावा पोटात जाणार, थुंकावा तर बाबीसमोर. तिने गिळला.

"कोणत्या कोचच्या बायकोने?" तिने विचारलं, जणू त्या घरात कोचांची रांग लागली होती.

"हार्लनच्या, अजून कोणाच्या? गुरुवारी ते दोघं आले होते ना घरी भेटायला. ते परवानगीचं होतं, तूच म्हणालीस. येताना माझं निळं भांडं घेऊन आली बिचारी. आत बरणी."

"बाबी, तू तिच्याकडे मागितलंस?"

"मी कशाला मागू? भिकारी आहे का मी? त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात भांडं ठेवताना रीत तेवढी सांगितली. आमच्यात भांडं रिकामं परत येत नाही म्हटलं. समजूतदार आहे ती. काही लोकांना पोटच्या आईने सांगून कळत नाही."

"आत्या," नेस्का हळूच म्हणाली, "बरणी मी उघडली. बाबीच्या हाताने झाकण निघत नव्हतं."

लिडाने डोळे मिटले. कॉलेजच्या माणसाने भावी खेळाडूच्या घरी वस्तू दिली होती; भावी खेळाडूने ती स्वतःच्या हाताने उघडली होती; आणि नियमपालन अधिकाऱ्याने त्याच जॅमचे कोलाचे चवीचवीने खाल्ले होते. आरोपी, साक्षीदार आणि फौजदार, तिघंही एकाच ताटात जेवले होते.

"हे मला कळवावं लागेल," ती म्हणाली.

"काय कळवावं लागेल?" डार्लीनने विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. "लिडा, नको. जॅम आहे तो! गाडी नाही दिली कोणी. घर नाही दिलं."

"पुस्तकात गाडी आणि जॅम यांचं कलम एकच आहे."

"मग पुस्तक मूर्ख आहे!"

"असेल. पण मला पगार त्याचाच मिळतो."

"इतकी वर्षं मी तुझी बाजू घेतली," डार्लीनचा आवाज चिरकला. "या घरात ख्रिसमसला तुला बोलवायचं की नाही यावर दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी मी भांडते. आणि तू माझ्याच पोरीच्या मुळावर उठतेस?"

लिडाला हे नवीन होतं. दर ख्रिसमसला आपल्यावरून मतदान होतं हे तिला कोणी कळवलेलं नव्हतं.

आता एमिल मामा खुर्चीत ताठ झाला. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही शोकाकुल प्रसन्नता पसरली की जणू श्रीमंत नातेवाईक गेल्याची तार आली होती. "डार्लीन, तू रागावू नकोस. लिडाचं बरोबर आहे. नियम म्हणजे नियम! माझा पूर्ण पाठिंबा आहे तुला, लिडा. हार्लनने असं वागावं म्हणजे हद्द झाली. जॅम देऊन मुली पळवतात! मेरिडनमध्ये असलं काही होत नाही."

लिडाला आयुष्यात पहिल्यांदा या कुटुंबात कोणाचा तरी जाहीर पाठिंबा मिळाला होता, आणि तो कोणाचा, तर एमिल मामाचा. तिने तो मनातल्या मनात नाकारला.

"त्या बाईंना कोणीतरी सांगा," जेरी ताटाकडे बघत म्हणाला, "की ही दुसरी वेळ आहे. पहिल्या वेळेला माझं गेलं. आता माझ्या पोरीचं."

सगळ्यांनी एकदम ताटात डोकं घातलं. कालवड आली की असंच व्हायचं.

तेव्हा जेरी फुटबॉल खेळायचा, आणि हार्लनने त्याला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. मग एके दिवशी धान्याच्या कोठारवाल्याने, जो हार्लनचा मोठा चाहता होता, त्यांच्या बापाच्या गोठ्यात एक लालसर कालवड आणून बांधली. महिन्याभराने खेळांच्या संघटनेचा माणूस चौकशीला आला. जाताना कुंपणाशी थांबून त्याने अकरा वर्षांच्या लिडाला विचारलं, "छान आहे गं कालवड. कुठून आणली?" लिडाने सांगितलं, "जेरी फुटबॉल खेळणार ना, म्हणून कोठारवाल्या काकांनी दिली." शिष्यवृत्ती गेली. जेरी तीस वर्षं काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ते सपाट करणारा ग्रेडर चालवत होता. कालवडीची गाय झाली आणि तिने तेरा वर्षं भरपूर दूध दिलं, आणि घरातल्या सगळ्यांना ते प्यावं लागलं.

लिडाने घसा साफ केला. "काय होणार ते मी सांगते, मग मला शिव्या द्या. आपण स्वतःहून कळवलं, तर एका पानाचा फॉर्म आहे. नेस्का लिहिणार काय मिळालं, किती किमतीचं. तेवढे पैसे कोणत्याही धर्मादाय संस्थेला द्यायचे. पावती जोडायची. उद्या सकाळी मी फॉर्म घेऊन गेले की मंगळवारी दुपारपर्यंत ती मोकळी. बुधवारी सही."

"एवढंच?" डार्लीन म्हणाली.

"एवढंच. लपवलं आणि नंतर बाहेर आलं, तर मात्र लपवल्याची शिक्षा. तिचं पहिलं वर्ष जाईल, कदाचित शिष्यवृत्तीही. माझी नोकरी तर जाईलच."

डार्लीन खुर्चीत मागे टेकली. एमिल मामाच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता मात्र ओसरली. एका पानाच्या फॉर्मने मुलगी मेरिडनला येत नाही, लपवाछपवी उघडी पडली तरच येऊ शकते, हे गणित त्याच्या लगेच ध्यानात आलं.

"आता बघा," तो पुढे सरकून म्हणाला, "इतक्या बारीकशा गोष्टीसाठी कागद कशाला काळे करायचे? पोरीच्या नावावर उगाच डाग. नाही लिडा, हे जरा अतीच होतंय तुझं."

"मामा, आत्ताच तुमचा पूर्ण पाठिंबा होता."

"पाठिंबा आहेच. पण व्यवहार नावाची चीज असते की नाही? ऐका. चर्चच्या विक्रीत दर वर्षी जॅम असतो. बाबीने तिथून घेतला. खजिनदार मीच, पावतीपुस्तक माझ्याच गाडीत आहे. आत्ता आणतो. गेल्या रविवारची तारीख घालू. कोणी विचारलं तर पावती दाखवायची. सुंठीवाचून खोकला गेला."

डार्लीन जेरीकडे बघायला लागली. जेरी खिडकीबाहेर बघायला लागला. तो नाही म्हणत नव्हता. लिडाला माहीत होतं की तो नाही म्हणणार नाही. तीस वर्षं ज्याला वाटतंय की खरं बोलल्याने आपलं वाटोळं झालं, तो पावतीला कसा नाही म्हणेल?

एमिल मामा उठला. किल्ल्या काढायला त्याने खिशात हात घातला.

"बस खाली," बाबी म्हणाली.

"अगं, दोन मिनिटांत—"

"एमिल, खाली बस!"

बाबीने हातातला डाव टेबलावर आपटला. कोलाच्यांचं ताट उडालं. बाबीला ओरडताना नेस्काने कधी ऐकलं नव्हतं. लिडाने एकदाच ऐकलं होतं, बाप वारला त्या दिवशी, डॉक्टरवर.

"या घरात एकदा पावती लिहून झाली आहे," बाबी म्हणाली. "तेव्हाही तूच लिहिलीस. माझ्या नवऱ्याला इंग्रजी लिहिता यायचं नाही, तुला भारी यायचं. 'कालवड एक, बाजारातून विकत घेतली.' आणि तारीख घातलीस रविवारची! चर्चच्या वारी, रविवारी, जनावरांचा बाजार भरतो का रे? शेंबड्या पोरालाही कळतं. त्या चौकशीवाल्याने पावती बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आणि वही मिटली. मी तिथेच उभी होते, चुलीपाशी. कुंपणापर्यंत तो गेलाही नव्हता."

जेरीची मान खिडकीकडून वळली.

"कालवड परत केली असती तर तीन सामने बाहेर बसवून सोडलं असतं पोराला," बाबी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "तो माणूसच तसं म्हणाला होता, आधी. पण जेरी, तुझ्या बापाने पावती पुढे केली. नंतर मला म्हणाला, पोराला सांगू नकोस, माझं तोंड बघणार नाही तो. मी नाही सांगितलं. मग सगळे म्हणायला लागले की लिडाने सांगितलं, आणि तो गप्प बसला. मीही बसले. अकरा वर्षांचं पोर ते. विसरून जाईल म्हटलं."

बाबीने पदरासारखा एप्रन उचलून डोळ्यांना लावला. "विसरली नाही ना गं तू."

लिडाने स्वतःचा रुमाल तिच्यापुढे सरकवला.

"मी मदतच करायला गेलो होतो," एमिल मामा पुटपुटला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने किल्ल्या परत खिशात टाकल्या.

जेरीने हातातला काटा खाली ठेवला. मग त्याने हात पुसले, रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला, आणि टेबलाच्या या टोकाला, थेट लिडाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

डार्लीनचा हात सवयीने मिठाकडे गेला होता. तो तिथेच राहिला.

"अकरा वर्षं झाली," लिडा म्हणाली. "नोकरी लागली त्या हिवाळ्यात ऑफिसच्या तळघरात जुन्या फाइली लावत होते. त्यात तुझी निघाली. पावती टाचलेली आहे. शेवटच्या पानावर माझं नाव आहे."

"काय लिहिलंय?"

"'धाकट्या मुलीने कुंपणाशी काही सांगितलं. अल्पवयीन असल्यामुळे विचारात घेतलेलं नाही.'"

तिला हे वाक्य पाठ होतं. ते बोलताना आवाज साधा ठेवायचा तिने प्रयत्न केला आणि तो साधा राहिला नाही. विचारात घेतलेलं नाही! संघटनेने जे विचारात घेतलं नव्हतं, ते या घराने तीस वर्षं विचारात घेतलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा जिवंत होते. आणि ते गेल्यावर... गेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही, जेरी. माझ्या खात्यात अशा माणसावर आरोप ठेवत नाहीत."

तीस वर्षांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर यावं असं नाटकात होत असेल. जेरी मुलीकडे वळला.

"फॉर्म भर," तो म्हणाला. "जे झालं तसंच लिही."

"मला कोणी विचारणार आहे का मला काय वाटतं ते?" नेस्काचे गाल लाल झाले होते. "मघापासून मी इथेच बसलीय. सही मी करणार, खेळणार मी, आणि भांडताय तुम्ही गायीवरून! मी फॉर्मच भरणार होते. आत्या म्हणाली तेव्हाच. मला त्या झेंड्याकडे बघून चार वर्षं झोपायचंय. पेन द्या."

लिडाने पर्समधून फॉर्म काढला. रविवारी दुपारी पर्समध्ये असला फॉर्म घेऊन फिरणारी बाई जिल्ह्यात तीच असावी.

"'मिळालेल्या वस्तूचं वर्णन,'" नेस्काने वाचलं. "जॅमची एक बरणी. घरगुती. 'वस्तू कोणत्या कारणाने देण्यात आली?'"

"भांडं रिकामं द्यायचं नसतं म्हणून," बाबी म्हणाली. "तसंच लिही."

"'अंदाजे किंमत.'"

"बाजारात चार डॉलर पडतील," डार्लीन म्हणाली.

"चार? इतक्या साखरेच्या जॅमला? दोन लिही."

"बाबी, किंमत कमी दाखवणं हासुद्धा—"

"बरं बाई, चार लिही! पण मला पटलेलं नाही, असं खाली लिही."

नेस्काने सही केली. मग लिडाने दुसरा कोरा फॉर्म काढला आणि वर स्वतःचं नाव घातलं. "मलाही जबाब द्यावा लागेल. 'सदर जॅम घातलेले दोन कोलाचे मी अजाणता—'"

"तीन," जेरी म्हणाला.

तिने मान वर केली.

"तीन. मी मोजले. दर वेळी तीनच खातेस."

लिडाने 'दोन' खोडलं आणि 'तीन' लिहिलं. खोडल्याच्या जागी तिने नियमाप्रमाणे आद्याक्षरं घातली.

निघायची वेळ झाली तेव्हा खरी पंचाईत बरणीची झाली. ती फॉर्मसोबत जमा करायची होती. बाबीने बरणी धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, आणि दारात उभी राहिली.

"यात थोडी खसखस घालू दे. कोणाला दिसणार नाही."

"बाबी, ही पुराव्याची बरणी आहे."

"माझ्या घरातून आजवर रिकामी बरणी गेलेली नाही."

"माहीत आहे."

बाबीने बरणी तिच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. जन्मभराची रीत मोडताना बघवत नव्हतं तिला. लिडाला वाटलं, पुस्तकातली सगळी चारशे ऐंशी पानं बरोबर असतील, पण ही बाईही चुकलेली नाही.

ती गाडीत बसली, बरणी शेजारच्या सीटवर ठेवली आणि किल्ली फिरवली. काचेवर टकटक झाली. जेरी होता. त्याच्या हातात निळं भांडं होतं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं.

तिने काच खाली केली.

"अर्धं बदक आहे," तो म्हणाला. "आणि सहा कोलाचे. खसखशीचे. जॅमचा एकही नाही, तपासून घे."

"जेरी, मी हार्लनची नोकर आहे आणि तू भावी खेळाडूचा बाप आहेस. मला ते घेता येतं की नाही, हे मला आधी—"

"पुस्तकात बघावं लागेल?"

"हो."

"मग बघ. गाडी बंद कर. मी थांबतो."

नोव्हेंबरचा वारा होता आणि त्याच्या अंगात कोट नव्हता. पुस्तक मागच्या सीटवर पडलेलं होतं. लिडा त्याच्याशिवाय कुठे जात नसे. तिने मागे वळून पुस्तकाकडे पाहिलं. मग बरणी उचलून पुस्तकाशेजारी मागे ठेवली, आणि पुढची सीट मोकळी केली.

जेरीने वळसा घालून दार उघडलं, भांडं सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. बदकाचा वास गाडीभर झाला.

"भांडं बाबीचं आहे," तो म्हणाला. "परत आणून दे."

"कधी?"

"पुढच्या रविवारी." दार लावता लावता तो थांबला. "आणि लिडा, रिकामं आणू नकोस."